खोटी घंटा

बंदरातल्या कारखान्यामागे
खेकड्यांच्या कवचांचा ढीग असायचा,
वर कुरव पक्ष्यांचा कालवा, खाली वास.
साबेला तिथूनच नाक दाबून शाळेत जायची.
आता तीच कवचं पांढरी भुकटी होऊन
पाच किलोच्या डब्यातून घरी येतात
आणि ती पैसे मोजते.

साल्नेसच्या दरीत द्राक्षवेली
ग्रॅनाइटच्या खांबांवर, मांडवासारख्या.
माणसं खालून वाकून चालतात.
मे महिन्यात समुद्राकडून धुकं येतं
आणि तीन-तीन दिवस उठत नाही.
मग पानावर तेलकट डाग,
उलटून पाहावं तर पांढरी लव.
माझ्या भाषेत ह्या रोगाला केवडा म्हणतात.
एवढं सुवासिक नाव ऐकून साबेला हसली नाही.
आमच्याकडे नुसतं 'आला' म्हणतात, म्हणाली.

तिचा बाप मोरचूद मारायचा.
त्याच्या नखांच्या कडा शेवटपर्यंत निळ्या;
शवपेटीत हात जोडून ठेवले
तेव्हा आईने हातमोजे मागितले होते.
मातीनेही निळं अजून सोडलेलं नाही.
खांबांच्या बुडाशी खणलं
तर गांडूळ सापडत नाही.

ही भुकटी व्हिनेगरमध्ये विरघळते.
तिचं काम मारण्याचं नाही, चुगली करण्याचं.
बुरशीच्या अंगावर जे असतं
जवळपास तेच खेकड्याच्या पाठीवर,
आणि पानाला दोन्हींतला फरक कळत नाही.
पानाला वाटतं, चोर शिरला.
ते दारं लोटतं, भिंती जाड करतं,
काहीतरी कडू रांधायला घेतं,
देठातून वरच्या पानाला निरोप धाडतं.
चोर तर अजून
समुद्रावरच्या धुक्यातसुद्धा नसतो.

"म्हणजे वेलीशी खोटं बोलायचं,"
कुंपणापलीकडून एलादियो म्हणाला,
आणि स्वतःच्याच विनोदावर बराच वेळ खोकला.

साबेलाला घंटा आठवली.
बाप आधी होडीचा माणूस, वेलींचा नंतर.
हिवाळ्यात मध्यरात्री
वादळ नसताना तो अंगणातली घंटा बडवायचा.
पोरं अंधारात बूट शोधत, दोर चाचपत
धक्क्याकडे धावत सुटायची.
तो घड्याळ पाहून म्हणायचा, झोपा परत.
अमारो सगळ्यांत चपळ होता.
पाचव्या हिवाळ्यात
घंटा झाली की तो नुसती कूस बदलू लागला.

त्या वर्षी एक घंटा खरी होती.
ह्याहून जास्त साबेला सांगत नाही.

म्हणून ती मोजून फवारते.
फुलोऱ्याआधी दोनदा, मणी धरल्यावर एकदा,
आणि रेडिओवर धुकं सांगितलं तर आदल्या संध्याकाळी.
डब्यावर लिहिलंय: दर दहा दिवसांनी.
डब्याला भाऊ नव्हता.

सातवी ओळ तिने मुद्दाम कोरडी ठेवली.
खरं काय ते कुठेतरी दिसायला हवं.

ऑगस्टमध्ये सातवी ओळ तपकिरी,
पानं जुन्या पावत्यांसारखी चुरगळलेली.
बाकीच्यांवर तिळाएवढे जळके ठिपके.
तिने नातवाचं भिंग आणून पाहिलं:
रोग जिथे उतरला
तिथली चिमूटभर हिरवळ आपणहून जळून गेली होती,
त्याला पाय टेकायला जागा न ठेवता.
ती बराच वेळ त्या ठिपक्याकडे पाहत राहिली.
भिंगामागचा डोळा मोठा आणि ओला दिसत होता,
पण भिंगामागे सगळेच डोळे तसे दिसतात.

दहाव्या ओळीत मात्र केवडा शिरलाच.
का, ते कुणाला सांगता आलं नाही,
डबा विकणाऱ्या पोराला तर नाहीच.
आणि घड थोडे हलके:
एक्केचाळीस पेट्या, गेल्या साली सेहेचाळीस.
पहाऱ्यावर बसलेल्याला
गोड व्हायला सवड कमी मिळते.

संध्याकाळी एलादियो मोरचुदाची
अर्धी पिशवी ठेवून गेला, न बोलता.
तिने ती फेकली नाही.
दहाव्या ओळीसाठी, म्हणाली, गरज पडली तर.
पिशवी खोपटात, घंटेच्या खाली.

घंटा अजून तिथेच टांगलेली आहे.
तिचा लोलक स्वयंपाकघरात,
चमच्यांच्या खणात.